शिवाजीनगर कोर्टातून न्यूयॉर्कच्या एलएलएमला

अमेरिकेत वकील व्हायची मूळ पदवी म्हणजे जेडी, ज्युरिस डॉक्टर. ती तीन वर्षांची, आणि त्याआधी कुठल्या तरी विषयातली पदवी हातात लागते. आपल्याकडून जाणारे बहुतेक वकील जेडीच्या वाटेला जात नाहीत, एलएलएम ही कायद्याची पदव्युत्तर पदवी करतात: एक वर्ष, दोन सत्रं, साधारण 24 क्रेडिट. आपल्याकडे कुणी एलएलएम केलं की आता हा प्राध्यापक होणार असं लोक धरून चालतात. तिकडे हे वर्ष मुख्यतः बाहेरच्या देशांतून आलेल्या वकिलांसाठीच चालवलेलं असतं. कुणी न्यूयॉर्कच्या सनदेसाठी येतो, कुणी नोकरीच्या आशेने, कुणी वडिलांच्या चेंबरमधून वर्षभर सुटका म्हणून. मी पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात दिवाणी बाजूला काही वर्षं ज्युनियरशिप करून गेले. वडील वकील नाहीत, त्यामुळे माझी कारणं पहिली दोनच.

आता बार रूममध्ये कुणी ना कुणी ज्युनियर येऊन विचारतं, "ताई, कसं जमवलंत?" प्रत्येकाला चहाबरोबर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

सनदेचा विचार असेल तर फी भरण्याआधी एक काम करायचं. प्रत्येक राज्याची बार, म्हणजे सनद देणारी व्यवस्था, वेगळी, नियम वेगळे. कॅलिफोर्नियात स्वतःच्या देशात सनद घेतलेल्या परदेशी वकिलाला एलएलएम न करताही परीक्षेला बसता येतं. न्यूयॉर्कला परदेशात शिकलेल्यांसाठीचा नियम 520.6 लागतो. त्यात दोन कसोट्या आहेत. तुमचं कायद्याचं शिक्षण तिकडच्याइतक्या अवधीचं होतं का, आणि ते इंग्रजी वळणाच्या कॉमन लॉ देशातलं, म्हणजे जिथे कायदा कोर्टाच्या निकालांतूनही घडतो तिथलं, होतं का. दोन्ही जुळलं तर एलएलएमशिवायही बसू देतात. एकच कमी पडलं तर ती उणीव एलएलएमने भरून काढता येते. हे तुमच्या-माझ्या मताने ठरत नाही, न्यूयॉर्कचं परीक्षा मंडळ कागद बघून ठरवतं, आणि त्याला महिने लागतात. तिथल्या मोठ्या खाजगी लॉ स्कूलची एका वर्षाची फी 70 हजार डॉलरच्या पुढे आहे. राहणं-खाणं वेगळं. फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायचं आणि मग कळायचं की सनदेसाठी याची गरजच नव्हती, असं नको. मला शिकायचंच होतं, म्हणून मी गेलेच असते. पण मंडळाला अर्ज आधी केला.

कागद म्हणजे काय? गुणपत्रकं विद्यापीठाने परस्पर न्यूयॉर्कला पाठवायची. उमेदवाराच्या हातातून गेलेली चालत नाहीत. ही एक ओळ मी आमच्या विद्यापीठाच्या खिडकीवरच्या कारकुनांना समजावून सांगत होते.

"अहो मॅडम, तुम्हाला देतो ना सही-शिक्का करून. तुम्हीच टाका पोस्टात."

"माझ्या हातात आलं की ते बाद होतं."

"तुमच्या हातात आलं की बाद? मग डिग्री कुणाची आहे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पुढे ते लिफाफ्यावर अडले. पाकीट बंद करून झाकणाच्या जोडावर सही आणि त्यावर गोल शिक्का हवा होता, अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर. "सही आत असते, बाहेर कशाला?" म्हणून फाइल वरच्या साहेबांकडे गेली. साहेब रजेवर. शेवटी तिथल्याच एका शिपाईकाकांनी, "द्या इकडे, लग्नाच्या आहेराचं पाकीट चिकटवतो तसं चिकटवतो," म्हणत ते काम केलं, आणि शिक्का अगदी मध्यावर बसला. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा सनदेचा दाखला त्यामानाने लवकर मिळाला.

व्हिसाचं फारसं सांगण्यासारखं नाही. लॉ स्कूलकडून आय-20 हा प्रवेशाचा दाखला येतो, सेविस या विद्यार्थी-नोंदणीचे 350 डॉलर भरायचे, डीएस-160 हा व्हिसाचा अर्ज भरायचा, आणि मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत काही मिनिटांच्या मुलाखतीसाठी पहाटे पुण्याहून निघायचं. कर्जाचं पत्र जवळ ठेवा. मला त्याबद्दलच विचारलं.

आता वर्गाचं.

माझ्या डोक्यात कायदा म्हणजे कलमं. पक्षकार समोर बसून गाऱ्हाणं सांगत असतो तेव्हाच आपल्या मनात कलम 9, आदेश 39, मर्यादा कायद्याचा अनुच्छेद असं सुरू होतं. पक्षकार निम्म्यावर आला की सर, म्हणजे माझे सिनियर, विचारायचे, "कुठलं कलम लागेल?" बरोबर कलम सांगणारा ज्युनियर हुशार. कॉलेजात तर परीक्षाच तशी. तिकडे पहिल्या आठवड्यात दोनशे डॉलरच्या पुढची, उशीसारखी जाड पुस्तकं घेतली. आत कलमं जवळजवळ नाहीतच. नुसते निकाल, एकामागून एक, कापून-छाटून छापलेले. ही पद्धत हार्वर्डच्या लँगडेल नावाच्या डीनने सुरू केली. ते 1870 मध्ये डीन झाले आणि 1871 मध्ये त्यांनी करार कायद्याच्या निकालांचं पहिलं पुस्तक काढलं. प्राध्यापक व्याख्यान देत नाहीत. यादीतून नाव उचलतात, उभं न करता बसल्या जागी प्रश्न विचारतात, आणि उत्तर आलं की त्या उत्तरावर पुढचा प्रश्न.

दिवाणी प्रक्रियेचा वर्ग मी जेडीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर घेतला. विषय आपला हक्काचा, असा माझा समज. त्या दिवशी निकाल होता इंटरनॅशनल शू कंपनी विरुद्ध वॉशिंग्टन राज्य, 1945 चा. बुटांची कंपनी डेलावेअरला नोंदलेली, मुख्य कचेरी मिसुरीतल्या सेंट लुईसला. वॉशिंग्टन राज्यात तिचं दुकान नाही, गोदाम नाही. फक्त अकरा ते तेरा विक्रेते कमिशनवर फिरायचे. राज्याने बेकारी निधीची वर्गणी मागितली. कंपनी म्हणाली, आम्ही तुमच्या राज्यात नाहीच, तुमच्या कोर्टाला आमच्यावर अधिकार नाही. प्राध्यापकांनी माझं आडनाव तीन तुकड्यांत उच्चारलं आणि विचारलं, कोर्टाला अधिकार होता का?

मी मनातल्या मनात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 20 काढलं. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो, किंवा दाव्याचं कारण जिथे पूर्णतः वा अंशतः घडलं, तिथे दावा चालतो. म्हटलं, होता, कारण कंपनी तिथे धंदा करत होती.

"विक्रेत्यांकडे नमुना म्हणून काय असायचं?"

"बूट."

"किती?"

निकालात ती ओळ होती. सुदैवाने वाचली होती. "प्रत्येक नमुन्याचा एकच. जोडी नाही."

"का?"

वर्ग शांत. मी म्हटलं, "एक बूट विकता येत नाही."

"मग असा नमुना द्यायचा सल्ला कंपनीला कुणी दिला असेल?"

"वकिलाने," मी म्हटलं, आणि सगळा वर्ग हसला. प्राध्यापक हसले नाहीत. ते म्हणाले, आता सांगा, कंपनी तिथे धंदा करत होती का?

तेव्हा मला तो निकाल दिसायला लागला. विक्रेत्याला किंमत ठरवायचा अधिकार नव्हता, सौदा पक्का करायचा अधिकार नव्हता. तो फक्त ऑर्डर घेऊन सेंट लुईसला पाठवायचा, ती मंजूर व्हायची तिकडे, माल निघायचा तिकडून. कंपनीने आपला सगळा कारभारच असा बेतला होता की वॉशिंग्टनमध्ये काही घडलंच नाही असं म्हणता यावं. दुसऱ्या बाजूला, त्या विक्रेत्यांना वर्षाला 31 हजार डॉलरच्या वर कमिशन मिळत होतं, तेही वर्षानुवर्षं. सुप्रीम कोर्टाने ठरवलं की इतका संबंध पुरे आहे, खटला चालवणं अन्यायाचं होणार नाही. पण किती संबंध पुरे, याची पट्टी दिली नाही. ती पट्टी अमेरिकन कोर्टं आजतागायत शोधताहेत, आणि प्रत्येक नव्या निकालात वस्तुस्थितीचा एखादा बारीक तुकडाच पारडं झुकवतो. माझ्या कलम 20 मध्ये उत्तर एका ओळीत होतं, पण त्या ओळीने मला एका बुटाकडे कधी बघायला लावलं नसतं.

वर्षभरात शिकले ते मुख्यतः एवढंच. बाकीचे विषय त्याचीच आवर्तनं.

करार कायदा घ्या. आपल्याकडे 1872 चा एक कायदा, सगळ्या देशाला. तिकडे पन्नास राज्यं आणि प्रत्येकाचा करार कायदा वेगळा, बहुतेक सगळा निकालांतून घडलेला. मालविक्रीसाठी एकसारखी संहिता आहे, तिचा दुसरा भाग लुईझियाना सोडून सगळ्या राज्यांनी स्वीकारलाय. लुईझियानाचं वळण फ्रेंच-स्पॅनिश. वर्गात हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा 1854 चा इंग्रजी खटला आला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. गिरणीचा मोडलेला दांडा, उशिरा पोचवलेला माल, नुकसानभरपाई कुठवर मागता येते. आपल्या करार कायद्याच्या कलम 73 मध्ये तोच नियम बसवलाय. मी तो कलमातून शिकले होते आणि शेजारचा ओहायोचा मुलगा गिरणीवाल्याकडून. परीक्षेत मात्र प्रश्न असा येतो की गिरणीवाल्याने मालवाहकाला अर्धवट काहीतरी सांगितलेलं असतं, आणि मग तो माझ्यापेक्षा दोन पानं जास्त लिहितो.

परीक्षेबद्दलही सांगायला हवं, कारण ती आपल्या माणसाला चकवते. पुस्तकं, टिपणं, सगळं घेऊन बसा म्हणतात. पेपरवर नाव नाही, नुसता क्रमांक. प्रश्न म्हणजे दीड-दोन पानांची गोष्ट: कुणीतरी कुणाला ट्रक विकलाय, ब्रेक निकामी निघालेत, मध्ये एक भाचा जामीन राहिलाय, आणि कुत्रंसुद्धा चिरडलंय. कोण कोणावर कसला दावा लावू शकेल? बरोबर उत्तर एकच असेल असं धरून जो लिहितो त्याला गुण कमी. वादीच्या बाजूने काय म्हणता येईल, त्यावर प्रतिवादी काय म्हणेल, आणि गोष्टीतला कुठला तपशील बदलला तर निकाल फिरेल, हे लिहायचं. आणि सगळ्यांचे गुण एका ठरलेल्या चढ-उतारात बसवतात, म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा तुम्ही किती जास्त मुद्दे पकडलेत यावर सगळं.

लेखनाचा वर्ग माझ्यासाठी सगळ्यात कडू. माझं पहिलं टिपण परत आलं ते लाल झालेलं. आपण कोर्टात ज्या इंग्रजीवर वाढतो, ते नम्रपणे सादर करणं, विद्वान वकील, उपरोक्त, सदर, तेथे नमूद केल्याप्रमाणे, सगळं छाटलं होतं. शिक्षिकेने समासात लिहिलं होतं, तुम्हाला काय हवंय? आधी प्रश्न, मग नियम, मग नियम या वस्तुस्थितीला कसा लागतो, मग निष्कर्ष, इतका साधा साचा. पण त्यात लपायला जागा नसते. आमच्या कोर्टातल्या एका कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, अठरा परिच्छेद नाकारण्यात जातात आणि एकोणिसाव्यात खरं म्हणणं येतं. त्यात माझीही भर होती.

वकिलीच्या आचारसंहितेचा विषय न्यूयॉर्कसाठी सक्तीचा. एलएलएमच्या जोरावर बसायचं असेल तर 24 क्रेडिटपैकी दोन आचारसंहितेचे, दोन संशोधन-लेखनाचे, दोन अमेरिकन कायदाव्यवस्थेच्या ओळखीचे आणि सहा बार परीक्षेच्या विषयांचे लागतात. प्रवेश घेतानाच जुळवून ठेवा. या वर्गात मात्र मजा आली. आपल्याकडे वकिलाने जाहिरात करायची नाही, पाटीसुद्धा बेताची. तिकडे 1977 मध्ये अॅरिझोनाच्या बेट्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने वकिलांच्या जाहिरातीला वाचास्वातंत्र्याचं संरक्षण दिलं, आणि आता न्यूयॉर्कच्या सबवेत डोक्यावर वकील हसत असतात: पडलात? फोन करा. फी निकालावर, बहुधा भरपाईचा तिसरा हिस्सा. आपल्याकडे असा करार करणं हे गैरवर्तन. आमच्या वर्गातले ब्राझीलचे, जपानचे, नायजेरियाचे वकील यावर तासभर भांडले. माझं मत तेव्हा ठाम विरोधात होतं. नंतर एका बांधकाम मजुराची केस पाहिली, आणि त्याला आगाऊ फी मागणारा वकील परवडलाच नसता, हे दिसल्यावर ते तितकं ठाम राहिलं नाही.

घटनेच्या वर्गात लॉकनर विरुद्ध न्यूयॉर्क वाचला, 1905 चा. बेकरी कामगारांकडून आठवड्याला 60 तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, असा न्यूयॉर्कचा कायदा. सुप्रीम कोर्टाने तो 'ड्यू प्रोसेस'च्या, म्हणजे रास्त प्रक्रियेशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावू नये या तत्त्वाच्या, नावाखाली मोडला. कामगार आणि मालकाच्या कराराच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणे. हे वाचताना आपला जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद 21 एकदम वेगळा दिसला. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव 1947 मध्ये अमेरिकेत जाऊन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि त्यानंतर आपल्या मसुद्यातून 'ड्यू प्रोसेस' जाऊन 'कायद्याने घालून दिलेली पद्धत' आली, हे आम्ही पुण्यात पाठ केलं होतं. का गेलं, ते मॅनहॅटनमध्ये एका बेकरीवाल्याच्या निकालात कळलं. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांनी घटना समितीत दोन्ही बाजू मांडून हा निर्णय सभागृहावर सोडला होता. पुढे 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने मागच्या दाराने बरंचसं तेच परत आणलं. हे मी वर्गात सांगितलं. त्या दिवशी मला कुणी प्रश्न विचारून अडवलं नाही.

आणि ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक. आपल्याकडे 1959 च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आरोपीला आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि पुढे ज्युरीच हळूहळू गेली. अमेरिकेत दिवाणी दाव्यातसुद्धा ज्युरी आहे. त्यांच्या घटनेची सातवी दुरुस्ती वीस डॉलरच्या वरच्या वादाला तो हक्क देते. तो नियम फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाचा, पण राज्यांतही अशीच सोय आहे. मी मॅनहॅटनमधल्या 60 सेंटर स्ट्रीटच्या कोर्टात एक दावा बघायला गेले. इमारतीवर सुप्रीम कोर्ट लिहिलेलं, पण न्यूयॉर्कात सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचं कोर्ट. सगळ्यात वरचं ते कोर्ट ऑफ अपील्स. सहा ज्युरर बसले होते. त्यातल्या एका बाई विणकाम पिशवीत घालून आल्या होत्या आणि त्यांना ते काढू दिलं नव्हतं. उलटतपासणी घेणारा वकील साक्षीदाराकडे बघतच नव्हता. प्रत्येक प्रश्न त्या बाईंकडे बघून. आमच्याकडे आपण न्यायाधीशांच्या पेनाकडे बघत थांबतो, जबाब उतरवून होईपर्यंत. उलटतपासणी एका बैठकीत संपते हेच मी पहिल्यांदा पाहिलं.

सनदेसाठी पन्नास तास मोफत सेवाही लागते. मी ती भाडेकरूंच्या कामात केली, क्वीन्समधल्या हाउसिंग कोर्टाच्या केसेसमध्ये, देखरेखीखाली. जॅक्सन हाइट्समधले हिंदी बोलणारे भाडेकरू आले की मुलाखतीला मी बसायचे. तिथलं कोर्ट मात्र परकं वाटलं नाही. खरं कामकाज कॉरिडॉरमध्ये. घरमालकाचा वकील हातात फायलींचा गठ्ठा घेऊन नावं पुकारतो, भाडेकरू उठतो, भिंतीला टेकून दोघे थकबाकीचे हप्ते ठरवतात, कागदावर सह्या, आणि न्यायाधीशांसमोर दोन मिनिटं. आपली तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात दिलेलं लेखी निवेदन, दुसरं काय! फरक एवढाच की भाडेकरूच्या बाजूला वकील असला की तोच कागद वेगळा होतो. एका आजोबांच्या घरी हिवाळाभर हीटिंग नव्हतं. त्यांनी ते सांगितलंच नव्हतं, कारण त्यांना भाडं मागितलं होतं, हीटिंगचं कुणी विचारलं नव्हतं. आमच्या पर्यवेक्षक वकील बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला: घरात काय चालत नाही? न्यूयॉर्कात राहण्याजोगं घर देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि ते नसेल तर भाड्यात कपात मागता येते. मागितली.

बार परीक्षा हा वेगळाच प्रकार. मे महिन्यात पदवी, जुलैच्या शेवटच्या मंगळवार-बुधवारी परीक्षा, आणि मधले सगळे दिवस कोचिंगचे. वर्षभर जे शिकवलं ते विसरा म्हणायचंच बाकी ठेवतात. मंगळवारी सकाळी दोन प्रात्यक्षिक कामं, दीड-दीड तासाची. दुपारी सहा निबंध, अर्ध्या-अर्ध्या तासाचे. बुधवारी 200 बहुपर्यायी प्रश्न. एकूण 400 गुण, न्यूयॉर्कला पास व्हायला 266 लागतात. बाहेर शिकून आलेल्यांचा निकाल अमेरिकन पदवीधरांपेक्षा बराच कमी लागतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. मला प्रात्यक्षिक आवडलं: एक फाइल देतात, सोबत थोडे निकाल आणि कायदे, आणि सांगतात सिनियरसाठी टिपण लिही. हे तर आमचं रोजचं. बहुपर्यायींनी घाम काढला. मालमत्तेच्या प्रश्नात तीन जणांना तीच जमीन विकलेली, कुणी नोंदणी केली, कुणाला आधीची विक्री माहीत होती. सातबारा आणि फेरफार यावर पोसलेला माणूस इथे चांगला तरेल असं वाटतं, पण तिकडे सरकार मालकीची नोंद ठेवत नाही, नुसती कागदांची नोंद ठेवतं, आणि मालकीचा विमा काढतात. याशिवाय आचारसंहितेची वेगळी परीक्षा, तिला न्यूयॉर्कात 85 गुण लागतात, आणि न्यूयॉर्कच्या कायद्याची एक ऑनलाइन.

नोकरीचं थोडक्यात. पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीचं, एक वर्ष काम करता येतं. इंजिनिअर मुलांना मिळणारी पुढची दोन वर्षं कायद्याला नाहीत. त्यानंतर एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. मोठ्या फर्म जागा देतात त्या बहुतेक जेडीवाल्यांना. आमच्या वर्गातले जे राहिले ते बहुधा आधीच मायदेशी मोठ्या फर्ममध्ये होते आणि तिकडच्या ओळखीवर लागले. फक्त नोकरीसाठी एवढं कर्ज काढायचं असेल तर मी तरी नको म्हणेन. मी ओपीटी संपवून परत आले.

पास झाल्यावर चारित्र्याची कागदपत्रं. आधी जिथे जिथे कायद्याचं काम केलं तिथून प्रतिज्ञापत्र. मी सरांना फॉर्म पाठवला. सरांचा फोन आला.

"अगं, यात लिहिलंय नोकरीचा प्रकार, पूर्ण वेळ का अर्धवेळ. तू माझ्याकडे नोकरीला कधी होतीस?"

"सर, चेंबरला येत होते ना."

"येत होतीस, बरोबर आहे. पण पगार? मी तुला पगार दिलाय?"

"दिवाळीला पाकीट द्यायचात."

"ते लिहू का?"

शेवटी सरांनी 'सहकारी म्हणून पूर्णवेळ' असं लिहिलं, आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली की उमेदवार कधीही तारखेला गैरहजर नव्हती. नोटरी त्यांच्याच टेबलाशेजारी बसतो, तो प्रश्न नव्हता. न्यूयॉर्कात न राहणाऱ्यांना शपथ ऑल्बनीला घ्यावी लागते, तिसऱ्या विभागाच्या अपिली कोर्टात. तिकिटाचे पैसेही कर्जातच धरले.

आता पुण्यातच आहे. हिंजवडीतल्या कंपन्यांचे करार येतात आणि त्यात बऱ्याचदा न्यूयॉर्कचा कायदा लागू असं कलम असतं, दोन्ही बाजूंचा न्यूयॉर्कशी काडीचा संबंध नसताना. ते चालतं, कारण तिथल्या एका कायद्याने अडीच लाख डॉलर किंवा त्यावरच्या करारांना तशी मुभा दिलीय. सकाळी शिवाजीनगर, दुपारी हे. तिकडच्या सनदेला दर दोन वर्षांनी नोंदणीचे 375 डॉलर भरावे लागतात, तिथे वकिली करा न करा. तो खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा यावर माझे सीए दर वेळी नव्याने वाद घालतात.